फिरतीच्या कामासाठी लॅपटॉप निवडताना

फिरतीची नोकरी लागली आणि लॅपटॉप घ्यायची वेळ आली की दुकानात पहिला प्रश्न निघतो तो प्रोसेसरचा. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारावा. साइटवर, ऑडिटला, प्रशिक्षणाला, विक्रीला म्हणून महिन्यातले निम्मे दिवस बाहेर काढणाऱ्यांचे लॅपटॉप मी जवळून पाहत आलो आहे. ते मंद झाले म्हणून क्वचितच बदलावे लागतात. बिजागरी उखडते, चार्जिंगचं पोर्ट सैल होतं, बॅटरी फुगते, बॅगेत बंद न होता तापत राहतो. आणि हे सगळं घडतं ते अहेरीला किंवा देवगडला, दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट द्यायचा असताना. म्हणून निवडीचा क्रम बदला: आधी काम आणि प्रवास, मग बांधणी आणि दुरुस्तीची सोय, आणि मग वेगाचे आकडे.

१. कशावाचून काम अडतं ते लिहून काढा

कागद घ्या आणि ज्या सॉफ्टवेअरवाचून तुमचं काम अडतं तेवढीच नावं लिहा. एवढ्यानेच बरेच पर्याय गळून पडतात. टॅली प्राइम, रेव्हिट, सॉलिडवर्क्स ही विंडोजसाठीची सॉफ्टवेअर आहेत. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती मिळते, पण तिच्यात विंडोज आवृत्तीतलं सगळं नाही. ऑफिसात वापरले जाणारे प्लगइन तिच्यात चालतात का, हे ऑफिसातच विचारून घ्या. काम मुख्यतः ब्राउझर, एक्सेल, लिखाण, कोड किंवा व्हिडिओचं असेल तर मॅकबुक हा फिरतीसाठी फार चांगला पर्याय आहे. बॅटरी टिकते, आणि चार्जर काढला तरी वेग उतरत नाही.

यादीत जोडायच्या वस्तूही लिहा. डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन, प्लॉटर, टोटल स्टेशनमधून (जमीन मोजणीच्या यंत्रातून) डेटा उतरवायची केबल, बारकोड स्कॅनर. हे महत्त्वाचं आहे, कारण २०२४ पासून स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असलेले विंडोज लॅपटॉप जोरात विकले जातात. त्यांची बॅटरी खरोखर छान चालते, जुने प्रोग्रामही बरेचसे चालतात. पण वस्तूचा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला ती वस्तू ओळखू देणारा छोटा प्रोग्राम, त्या प्रोसेसरसाठी वेगळा लिहिलेला असावा लागतो, जुना ड्रायव्हर त्यावर बसत नाही. निविदा भरण्याच्या शेवटच्या दिवशी टोकन ओळखलं गेलं नाही तर दहा तासांच्या बॅटरीचा उपयोग काय? टोकन रोज लागत असेल आणि ड्रायव्हरची खात्री नसेल, तर सरळ इंटेल किंवा एएमडी घ्या.

२. वजन बॅगेसकट मोजा

जाहिरातीत असतं ते फक्त लॅपटॉपचं वजन. खांद्यावर येतं ते लॅपटॉप, चार्जर, माऊस, अडॅप्टर, पॉवर बँक आणि पाण्याची बाटली यांचं. १४ इंची चांगला लॅपटॉप साधारण १.२ ते १.४ किलोचा असतो आणि त्याचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर खिशात मावतो. १६ इंची गेमिंग लॅपटॉप २.३ किलोच्या पुढे जातो आणि त्याची चार्जरची वीट आणखी अर्धा-पाऊण किलोची. एसटीत उभं राहून, लोकलमध्ये चेंगरून किंवा दुचाकीवर जाणाऱ्याला हा फरक आठवड्याभरात पाठीत जाणवतो.

रोज प्रवास असेल तर १४ इंच. महिन्यातून एकदा बाहेरगावी जाऊन आठवडाभर एकाच जागी बसणं असेल, तर १६ इंच चालेल. या दोन्हींच्या मध्ये असाल तर १४ इंची घेऊन ऑफिसात किंवा घरी वेगळा मॉनिटर लावा. त्या पैशात डोळे आणि पाठ दोन्ही वाचतात.

३. बांधणी हाताने तपासा

‘मिलिटरी ग्रेड’ हे लेबल आज साध्या लॅपटॉपवरही दिसतं. ते मिल-एसटीडी-८१०एच या अमेरिकी संरक्षण खात्याच्या नियमावलीवरून येतं. उष्णता, थंडी, आर्द्रता, धूळ, कंपन, पडणं अशा चाचण्या कशा घ्यायच्या हे तिच्यात सांगितलं आहे. पण त्यांतल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे लॅपटॉप बनवणारी कंपनीच ठरवते, आणि त्यावर शिक्कामोर्तब करणारी कोणतीही सरकारी संस्था नसते. त्यामुळे लेबल खोटं नसलं तरी अपुरं असतं. किती आणि कोणत्या चाचण्या घेतल्या हे कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेलं असेल तर त्याला वजन द्या. नुसता शिक्का असेल तर देऊ नका. शिवाय लेबल असलं तरी पडून झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत बसत नाही.

बिजागरीकडे मात्र नीट बघा, कारण प्रवासात सर्वांत जास्त मार तिला बसतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी बुशमध्ये आवळलेले असतात. वर्ष-दोन वर्षांत बिजागरी घट्ट होते, आणि प्रत्येक वेळी स्क्रीन उघडताना तो ताण बुशवर येतो. एक दिवस बुश प्लास्टिकसकट निघतं, कोपरा फाकतो, आणि पुढच्या काही उघडझापीत स्क्रीनची केबलही तुटते. दुकानात स्क्रीन हळूहळू उघडा आणि नजर कोपऱ्यावर ठेवा. तिथलं प्लास्टिक किंचितही उचललं जात असेल तर तो लॅपटॉप खाली ठेवा. मग उघडा लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचला; करकर आवाज यायला नको. शेवटी झाकणाच्या पाठीवर मधोमध हलकेच दाबा. स्क्रीनवर लाटा उमटल्या तर गच्च भरलेल्या बॅगेत ती टिकणार नाही.

या तपासणीत बिझनेस श्रेणीतले लॅपटॉप बहुधा सहज पास होतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड (२०२५ पासून हेच ‘डेल प्रो’ नावाने येतात), एचपीचे एलिटबुक, एसूसचे एक्स्पर्टबुक. त्याच किमतीच्या घरगुती मॉडेलपेक्षा यांचे आकडे कागदावर थोडे कमी दिसतात आणि नवखा माणूस तिथेच बिचकतो. पण तुमचे पैसे गेलेले असतात ते सांगाड्यात, पाणी सांडलं तरी थोडा वेळ तग धरणाऱ्या कीबोर्डात आणि वर्षानुवर्षं मिळत राहणाऱ्या सुट्या भागांत. २०२४ च्या थिंकपॅड टी१४ च्या पाचव्या पिढीला आयफिक्सिट या दुरुस्तीप्रेमी संस्थेने दुरुस्तीसुलभतेसाठी १० पैकी ९ गुण दिले होते. त्यात बॅटरी, रॅम (चालू कामाची मेमरी), एसएसडी (फाइल साठवायची डिस्क) साध्या स्क्रू ड्रायव्हरने बदलता येतात. फिरतीवरच्या माणसासाठी हा गुण मला कोणत्याही वेगाच्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो.

खाणी, बोगदे, भर पावसातलं सर्व्हेक्षण असं काम असेल तर पॅनासॉनिक टफबुकसारखे पूर्ण रगेड, म्हणजे दणकट कवचाचे लॅपटॉप वेगळेच मिळतात. त्यांच्यावर आयपी क्रमांक असतो: पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ते जड असतात, महाग असतात, आणि ज्याला खरी गरज आहे त्यानेच घ्यावेत. साध्या लॅपटॉपला असा क्रमांक नसतो, म्हणजे कोकणातल्या पावसाची जबाबदारी बॅगेवर येते. बॅगेच्या आत आणखी एक जलरोधक पिशवी ठेवा. बॅगेवरचं रेनकव्हर पाठीच्या बाजूने भिजतंच.

४. दुरुस्ती कुठे होणार, हे विकत घेण्याआधी ठरवा

इथे जरा वेळ काढा. दुकानदार नुसतं ‘तीन वर्षांची वॉरंटी आहे’ म्हणाला तर त्यातून काहीच कळत नाही. वॉरंटीचे प्रकार वेगवेगळे असतात. एकात लॅपटॉप तुम्हीच सेंटरवर नेऊन द्यायचा. दुसऱ्यात इंजिनिअर तुमच्या जागी येतो. तिला ऑनसाइट म्हणतात. तिसरं म्हणजे पडझड आणि सांडलवंड यांचं संरक्षण, जे जवळजवळ नेहमी वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं. फिरतीवरच्या माणसाला ऑनसाइट आणि पडझडीचं संरक्षण, दोन्ही हवं. बजेट तुटपुंजं असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या आणि वाचलेले पैसे इथे घाला.

ऑनसाइटमध्येही एक मेख असते. ‘पुढच्या कामकाजाच्या दिवशी’ हे वचन ठरावीक पिनकोडपुरतं असतं आणि सुटा भाग हाताशी असेल तरच पाळलं जातं. तुम्ही वारंवार जाता त्या गावांचे पिनकोड लिहा, कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. सेवा देणारा तो नसतो. बॅटरीची वॉरंटी वेगळी विचारा, कारण लॅपटॉप तीन वर्षांचा असला तरी बॅटरी बऱ्याचदा एकच वर्ष धरलेली असते. मुदतवाढ घ्यायची तर कंपनीचीच घ्या, आणि मूळ वॉरंटी चालू असतानाच.

परदेशवारी होत असेल तर वॉरंटी देशापुरती आहे की बाहेरही चालते, हे त्या नेमक्या मॉडेलसाठी तपासा. उलटा प्रवासही आपल्याकडे नेहमीचा: अमेरिकेतून किंवा दुबईतून येणारा भाऊ लॅपटॉप घेऊन येतो. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काविना आणता येतो, त्यामुळे किंमत मोहात पाडते. पण तो नादुरुस्त झाला तर भारतात कोण बघणार, कीबोर्डवर अरबी अक्षरं किंवा युरोपीय मांडणी चालेल का, याचं उत्तर आधी हवं.

स्वतःचा व्यवसाय असेल तर बिल जीएसटी क्रमांकासह व्यवसायाच्या नावाने घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणी असेल आणि लॅपटॉप व्यवसायासाठी असेल तर त्याचं क्रेडिट मिळू शकतं. तुमच्या सीएंना एक फोन करा, तेवढंच.

५. आता ताकद

प्रोसेसरच्या नावातल्या ‘५’ किंवा ‘७’ पेक्षा शेवटचं अक्षर जास्त सांगतं. इंटेलमध्ये यू आणि व्ही म्हणजे कमी वीज खाणारे, एच म्हणजे ताकदवान, एचएक्स म्हणजे जवळजवळ डेस्कटॉपच्या तोडीचे आणि तितकेच तापणारे. कागदपत्रं, हिशेब, बैठका, प्रेझेंटेशन यांना यू किंवा व्ही पुरेसा आहे. कॅड, मोठा डेटा, व्हिडिओ संपादन यांना एच घ्या. एचएक्स फिरतीसाठी मी सुचवत नाही.

ताकद टिकते किती वेळ, हा खरा प्रश्न. पातळ लॅपटॉप पहिली दोन मिनिटं जोरात धावतो, मग तापून वेग उतरवतो. म्हणून यूट्यूबवरच्या परीक्षणात एका झटक्याचे गुण बघू नका. अर्धा तास सलग भार दिल्यावर किती वेग उरतो, ते बघा. चार्जर काढल्यावर किती उरतो तेही, कारण बरेच गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर निम्म्यावर येतात. आपल्याकडे हवामानाचाही हिशेब धरावा लागतो. मॅकबुकसह अनेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचे म्हणून बनवलेले असतात, आणि चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. तिथे साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये जड काम काढू नका; फाइल तयार ठेवा आणि रेंडरिंग रात्री लॉजवर लावा. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर लॅपटॉप ठेवूच नका. बॅटरी फुगण्याचं ते मोठं कारण आहे.

रॅम १६ जीबीच्या खाली नको. कॅड, व्हर्च्युअल मशीन किंवा ड्रोनचे फोटो जोडण्याचं काम असेल तर ३२. आज बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. असा लॅपटॉप घेत असाल तर चार वर्षांनंतरची गरज आजच विकत घ्या. एसएसडी ५१२ जीबी चालते, कारण ती बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये बदलता येते. मॅकबुकमध्ये येत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड फक्त थ्रीडी, रेंडरिंग, फोटोग्रामेट्री (फोटो जोडून नकाशा किंवा मॉडेल बनवणं) किंवा गंभीर व्हिडिओकामासाठी घ्या. इतरांना ते वजन, उष्णता आणि बॅटरीच्या खर्चाशिवाय काही देत नाही.

६. वीज

बॅटरीची क्षमता वॅट-अवर मध्ये बघा, ‘१५ तास’ या दाव्यात नको. हिशेब सोपा आहे. ६० वॅट-अवरची बॅटरी आणि हलक्या कामाला ८ ते १० वॅट खर्च, म्हणजे सहा-सात तास. तोच लॅपटॉप जड कामात ३० वॅट ओढू लागला की दोन तासांत संपतो.

विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी विनापरवानगी नेता येते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच, चेक-इन सामानात अजिबात नाही. पॉवर बँकचे एमएएच वॅट-अवरमध्ये आणायचे तर ३.७ ने गुणून १,००० ने भागा: २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर. लॅपटॉपसाठी पॉवर बँक घेताना तिचं टाइप-सी आउटपुट ६५ वॅट आहे ना, हे बघा. फोनसाठीची २० वॅटची इथे कामाची नाही.

लॅपटॉप टाइप-सीने चार्ज होणारा हवाच, आणि शक्यतो दोन पोर्टांवर. एक पोर्ट खराब झालं तर दुसऱ्यावर चालवता येतं, आणि चार्जर घरी राहिला तरी सहकाऱ्याचा चालतो. रेल्वेच्या बऱ्याच डब्यांतल्या सॉकेटला ११० व्होल्ट असतात. चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असेल तर अडचण नाही. धातूच्या लॅपटॉपला दोन पिनांचा चार्जर लावला की हाताला झिणझिण्या येतात, त्यासाठी अर्थिंगची तीन पिनांची वायर जवळ ठेवा.

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नसतं. आजचे विंडोज लॅपटॉप मिटल्यावरही अधूनमधून जागे होतात, अपडेट उतरवतात, आणि बॅगेत हवा नसल्यामुळे भट्टीसारखे तापतात. सेटिंगमध्ये जाऊन झाकण मिटल्यावर हायबरनेट (काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद) होईल असं करून ठेवा. उघडताना थोडे सेकंद जास्त लागतील, पण पोचाल तेव्हा बॅटरी निघताना होती तेवढीच असेल.

७. स्क्रीन आणि पोर्ट

स्क्रीन चकचकीत नको, मॅट हवी. उजेड किमान ३०० निट (स्क्रीनच्या उजेडाचं एकक). साइटवर, उघड्यावर काम असेल तर ४०० किंवा जास्त. स्वस्त मॉडेलमध्ये २५० निटची फिकट स्क्रीन बसवलेली असते आणि बॉक्सवर ते ठळक लिहिलेलं नसतं, म्हणून मुद्दाम विचारा.

एचडीएमआय पोर्ट लॅपटॉपवरच असलं तर बरं. जिल्हा परिषद, जुनी महाविद्यालयं, कारखान्यांच्या सभागृहांत अजून व्हीजीएचे प्रोजेक्टर भेटतात, त्यासाठी छोटा अडॅप्टर बॅगेत कायमचा टाकून ठेवा.

८. जुना घ्यायचा असेल तर

बजेट ३०-४० हजारांचं असेल तर नव्या कचकड्याच्या लॅपटॉपपेक्षा चांगला रिफर्बिश्ड थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड मी केव्हाही पसंत करेन. कंपन्यांनी वापरून काढलेले हे लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि इतर शहरांतल्या संगणक बाजारांत मिळतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचाच प्रोसेसर घ्या. त्याआधीच्या बहुतेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

समोर बसून तपासा. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत वजा करून बोला. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून पासवर्ड लागलेला नाही हे बघा. विंडोज नव्याने टाकायला लावा आणि इंटरनेटला जोडून सुरुवात करा. एखाद्या कंपनीचं लॉगिन मागितलं तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे, घेऊ नका. प्रत्येक पोर्टात पेनड्राइव्ह घालून बघा, टाइप-सीची वायर हलवून बघा. बिल आणि दुकानाची लेखी वॉरंटी घ्या.

९. घरी आणल्यावर, पहिल्या संध्याकाळी

सगळे अपडेट घरच्या वाय-फायवर उरका. डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणं; विंडोजमध्ये त्याचं नाव बिटलॉकर) चालू आहे का बघा, आणि बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवा, शिवाय फोनवरून उघडता येईल अशा सुरक्षित जागी साठवा. इंजिनिअरने साइटवर येऊन मदरबोर्ड बदलला की लॅपटॉप हीच की मागतो, आणि ती नसेल तर आतला सगळा डेटा गेला. कामाच्या फोल्डरचा बॅकअप क्लाउडवर आपोआप जाईल असं करा. बॅगेत वेगळी एसएसडी ठेवणार असाल तर ती लॅपटॉपच्याच कप्प्यात नको. बॅग चोरीला गेली तर दोन्ही जातात.

सिरियल नंबर, बिल आणि लॅपटॉपचे चारही बाजूंचे फोटो स्वतःला ईमेल करून ठेवा. वॉरंटीचा दावा करताना किंवा चोरीची तक्रार नोंदवताना पोलीस ठाण्यात पहिल्यांदा हेच विचारतात. आणि शक्य असेल तर दुसरा एक टाइप-सी चार्जर घ्या, जो बॅगेतून कधीही बाहेर काढायचा नाही.